सुधारित

जालन्यात, एमआयडीसीमागच्या पडीक मैदानावर
ऑटोक्रॉसच्या चुन्याच्या रेघा, लाल शंकू,
आणि टेकाळे साहेब माझ्या गाडीखाली आडवे,
टॉर्च दातांत.

"मागच्या स्प्रिंगा कंपनीच्या नाहीत."
नाहीतच. इलियासभाईनं भंगारातल्या कापून बसवल्या,
मोसंबीचे क्रेट लादले की
गाडीचं बूड रस्त्याला टेकायचं म्हणून.
"पळायसाठी नाही हो, मोसंबीसाठी."
"काय बदललं तेवढं लिहायचं असतं," ते म्हणाले,
"का बदललं, त्याला रकानाच नाही."

दारावरचा 'साधी' खरवडून
त्यांनी 'सुधारित' चिकटवला.
माझी आठशे!
जिची काच हातानं ओढून वर घ्यावी लागते,
हॉर्न दाबला की वायपर हलतो.

शेजारी संभाजीनगरची टर्बोवाली.
तिच्यातल्या पोरानं बरोबरीच्या माणसाला करावी
तशी मान हलवली.
मोंढ्यात इतकी वर्षं जायलो,
तिथं कुणी नाही हलवली.

शेवटून पहिला आलो.
दोन शंकू पाडले, चार सेकंद दंड.
पण तिसऱ्या वळणावर गाडी झुकली नाही,
रिकामी असून भरल्यासारखी
मातीला धरून राहिली,
आणि सीटखालची एक मोसंबी, कधीची कोण जाणे,
घरंगळत आली, थेट ब्रेकखाली.

शंकू का पडले,
टेकाळे साहेबांनी विचारलं नाही.