वजाबाकी

मुरबाडहून धसईला जाताना, भात कापून झालेल्या खाचरात
ठकूबाईचा तळ पडला होता. ऐंशी मेंढरं, दोन घोडी,
लेंड्यांच्या बदल्यात खाचरवाल्यानं कबूल केलेले तांदूळ.
मी दवाखान्यातून काटा नेला, चपटा, माणसांचा.
मेंढी त्यावर एकटी उभी राहत नाही.
तिला कवेत घेऊन कुणीतरी उभं राहायचं
आणि मग त्या कुणाला तरी वजा करायचं.

ठकूबाईची सून उभी राहिली, झुंबर.
आधी एकटी : एकेचाळीस.
मी वहीच्या कडेला लिहिलं, खाली रेघ ओढली.

ठकूबाई ओठ वर करून वय सांगायची.
ही दोनदाती, पहिलटकरीण. ही चारदाती. ही जुळलेली.
हिचे आता उरलेत किती, तेच मोज.
दख्खनी काळ्या, चिवट, तिशीच्या अलीकडे-पलीकडे,
आणि जतच्या बाजारातून आणलेली एक माडग्याळी,
पोपटनाकी, अडतीस किलो,
माळशेज उतरताना जिचे खूर सोलले.
"भांडं मोठं," ठकूबाई म्हणाली, "पर चूल बी मोठी लागती."

मार्गशीर्ष, पौष.
दोनदातीचा आकडा हलेना.
तिची स्वतःचीच हाडं अजून वाढायची होती,
पोटातल्याशी ती घासासाठी भांडत होती.
म्हातारी मात्र भरत चालली.
मी खूश. ठकूबाईनं तिच्या मणक्यांवरून अंगठा फिरवला.
"ह्ये वजन हिचं न्हाई. ही वरनं रिकामी व्हतीया."

काट्याला वरचं-खालचं कळत नाही.

माघात सगळ्याच जड झाल्या.
दख्खनी, माडग्याळी, कोवळी, जून,
लंगडी भाकडसुद्धा अडीच किलोनं वाढली,
आणि खाचरात तर धसकटंही उरली नव्हती.
मी काट्यावर पाण्याचा पाच लिटरचा कॅन ठेवला.
पाचच.
मग वहीच्या कडेचा एकेचाळीस दिसला.

झुंबर लंगडीला खाली ठेवत होती,
सावकाश, पाठ न वाकवता, गुडघ्यांतून.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
ठकूबाई पाहत होती, माझ्या वहीकडे,
जी तिला वाचता येत नव्हती.

"आता मेंढरं धोंडू उचलंल,"
एवढंच म्हणाली, आणि पुढच्या मेंढीचा ओठ वर केला.

धोंडू चपला काढून काट्यावर चढला. त्रेपन्न.
मी लिहिण्याआधी विचारलं,
जेवून आलास का?