सहावा पाठ

नव्या पद्धतीत माझ्या वर्गात कुणी मागे राहत नाही,
कारण पुढे-मागे असं काही उरलेलंच नाही.
अडतीस मुलं, अडतीस वाटा.
वाल्दिव्हियाच्या ओल्या, लाकडी धुराचा वास मुरलेल्या खोलीत
मी द्रवगतिकी शिकवते. म्हणजे शिकवायचे.
आता पडद्यावरचे ठिपके बघते.

प्रत्येक ठिपका एक मूल.
हिरवा म्हणजे समजलं. पिवळा म्हणजे घुटमळतंय.
लाल झाला की यंत्रणा हात धरून
त्याला मागच्या पाठावर नेऊन बसवते,
न रागावता, न उसासा टाकता.
एवढा धीर मला सत्तावीस वर्षांत जमला नाही,
हे मी खरेदीच्या वेळी लिहूनही दिलं होतं.

खोटं नव्हतं ते.
फळ्यापाशी मी एकच माप घेऊन उभी असायचे
आणि सगळ्यांच्या पायात तोच जोडा कोंबायचे.
किती जण लंगडत गेले, त्याची नोंद कुठे आहे?
आता एलिसेओ बार्रिया, जो रात्री माशांच्या कारखान्यात
बर्फ उपसतो आणि सकाळी डोळे ताणत येतो,
त्याला सहाव्या पाठावर हवं तेवढं थांबता येतं.
पूर्वी मी त्याला नापास केलं असतं. दोनदा.

अडचण नायारेतची होती.
नायारेत उएंचुमिल, निएब्लाची,
महिन्याभरात अकराव्या पाठावर पोचलेली,
भोवऱ्यांच्या गणितात,
जिथे मला स्वतःला चष्मा पुसावा लागतो.
मार्चमध्ये ती दोघं ग्रंथालयात एका वहीत मान घालून बसायची.
एप्रिलमध्ये त्याच टेबलावर, दोन पडद्यांत.
मे महिन्यात तिचा ठिपका लाल झाला.

दहावा गेला. नववा. आठवा.
जिना उतरावा तशी ती पाठ उतरत आली
आणि सहाव्यावर येऊन थांबली.

समितीने विचारलं, इतकी हुशार मुलगी घसरली कशी?
घरी काही? आजारपण? प्रेमभंग?
मी तिच्या चुका काढून एकेक वाचत बसले,
जुन्या वह्या तपासायचे तशी, फक्त हातात लाल पेन नव्हतं.

चुका फार सुंदर होत्या.
प्रत्येक उत्तरात दशांशचिन्ह एक घर सरकलेलं,
प्रत्येक वेळी डावीकडेच.
एवढं नेमकं चुकायला आधी बरोबर उत्तर हातात लागतं.
खरा गोंधळ असतो एलिसेओचा,
खाडाखोड करणारा, मध्येच पेंगणारा,
एकदा तर उत्तराच्या जागी
माशांच्या पेट्यांचा आकडा लिहून गेलेला.

समितीला मी कळवलं, निरीक्षण चालू आहे.

सहाव्या पाठात काय आहे, सांगते.
नदी अरुंद झाली की पाणी पळतं,
रुंद झाली की रेंगाळतं,
पण जेवढं वरून आलं तेवढंच खाली जातं.
काय्ये-काय्येच्या काठावर मुलांना उभं करून
हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलंय,
आणि मासळीबाजारामागच्या उतारावर
समुद्रसिंह ते ऐकत जांभया देत पडलेले असायचे.
मुलंही द्यायची. पण एका वेळी, सगळी मिळून.

काल रात्री अकरा चौदाला
सहाव्या पाठावर दोन ठिपके होते. एकाच पानावर.
सहा मिनिटं कुणी काही दाबलं नाही.
यंत्रणेने दोघांनाही विचारलं, तुम्ही आहात ना?
उत्तर नाही.
एक बहुधा झोपला असेल.
दुसरी त्याला उठवत नसेल.

मी चहा बाजूला सारला,
विद्यार्थी म्हणून एक खोटं खातं उघडलं,
पहिल्या पाच पाठांची उत्तरं भराभर दिली
(एक चुकलं, खरोखरचं)
आणि सहाव्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने मलाही विचारलं,
तुम्ही आहात ना?