ऊन लागलं

सुटीच्या अर्जात लिहिलं: ऊन लागलं.
नागपुरात, मे महिन्यात, कोण विचारणार?

धंतोलीच्या दवाखान्यात मेश्राम सिस्टर म्हणाली होती,
"तासाला दोन पॅड भिजले तर लगेच फोन कर.
नाही तर नीज निवांत."
मी मोजते. एक. अर्धा.
आज पाचव्या दिवशी नुसता तपकिरी डाग.

प्रफुल्ल कूलरमध्ये बादल्या ओततो.
ओल्या वाळ्याचा वास घरभर,
आणि दोघांनाही न सापडलेला शब्द.

वरच्या यशोदाबाईंनी अंबाडीची भाजी पाठवली,
भाकर, गुळाचा खडा.
कसं कळलं त्यांना?

डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात.
दोन लिंबं टाकली, जिना चढले,
मध्ये एकदा थांबून.

"माझ्या वेळी कूलर नव्हता," त्या म्हणाल्या,
आणि कुरड्यांच्या चादरीवर
सरकून जागा केली.