चार पाठी

गोलीला चेहरे फारसे दिसत नाहीत.
अकरा वर्षं मी चार पाठी पाहतोय
आणि त्या मला पाठ आहेत:
एयुनची रुंद, आडणा घातलेल्या दारासारखी.
टुम्मसची उजवीकडे कललेली,
सालमनचे क्रेट उचलून उचलून.
रोईची, जी एका जागी ठरत नाही.
आणि डाव्या टोकाला हानुस,
त्याच्या जर्सीवरचा तीनचा आकडा
धुऊन धुऊन खवल्याएवढा उरलाय.

मागच्या रविवारी पाच गोल खाल्ले.
पाचही डावीकडून.
परतताना फेरीबोटीत सगळे खिडकीकडे तोंड करून बसलो,
आणि खिडकीत धुक्याशिवाय काही नव्हतं.

बुधवारी सोफुसने बोलावलं,
जाळ्यांच्या गोदामावरच्या खोलीत.
तो सुतार. शाळेची बाकं दुरुस्त करतो, आणि आम्हाला.
खडू-फळा त्याला जमत नाही.
टेबलावर त्याने कॉफीचे चार कप ओळीत मांडले,
मागे मीठदाणी. ती मी.
"भिंत चांगली आहे," तो म्हणाला,
"पण वारा भिंतीशी भांडत नाही, वळसा घालतो."
मग त्याने टोकाचा कप उचलला,
त्यातली कॉफी पिऊन टाकली,
उरलेले तीन जरा जरा सरकवले.
"तिघं मागे. दोन पोरं कडेने धावतील, वर-खाली, नव्वद मिनिटं."

तीन तिघाडा, टुम्मस पुटपुटला.
रोई म्हणाला, धावणारा दमला तर?
एयुन म्हणाला, त्यांना कॉर्नर मिळाला,
तर जवळचा खांब कुणाचा?
अर्धा तास चमचे इकडून तिकडे फिरले.
साखरेचे खडे त्यांचे फॉरवर्ड झाले,
एक खडा तीनदा येऊन मीठदाणीवर आपटला.
उचललेला कप कुणाचा,
हे मात्र कुणी विचारलं नाही.
छत्तीस वर्षं, गुडघ्यात पाणी,
पहाटे चारला धक्क्यावर बोटीचे दोर सोडणारा.

हानुसने हात लांब करून
तो रिकामा कप घेतला, नळाखाली विसळला,
पुसून उपडा ठेवला.
पाठमोरा होता. मला त्याचं तेवढंच ओळखीचं,
आणि तेवढ्यावरून मला एरवी सगळं कळतं.
त्या रात्री काही कळलं नाही.

सोफुस म्हणाला, रविवारी वारा बघून ठरवू.
या बेटांवर वारा बघूनच ठरतं सगळं,
बोटी, लग्नं, माणसं पुरणंसुद्धा.
पेनल्टीला चेंडू जागेवर राहत नाही,
कुणीतरी आडवं पडून एका बोटाने तो धरावा लागतो.
तो हानुसच धरायचा.
लाथ त्याच्या बोटापासून तसूभर लांबून जायची
आणि तो डोळेही मिटायचा नाही.

गुरुवारी सरावाला तिघं लावून पाहिले.
माझ्यासमोर एवढं आभाळ कधीच नव्हतं.
बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू.
चेंडू आमच्याकडे जास्त राहत होता,
बार्डुर, सतरा वर्षांचं पोर,
सोडलेल्या वासरासारखं उधळत होतं.
मग डोंगराच्या बाजूने एक लांब चेंडू आला,
वाऱ्यावर रेंगाळत, खाली यायला तयार नाही असा,
आणि मी सवयीने ओरडलो:
हानुस, डावीकडे!

पोराने वळून पाहिलं, हे नाव आता आपलं की काय.
चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला.

कुंपणाबाहेर, मेंढ्यांच्या लेंड्यांत,
पाण्याच्या बाटल्या भरून आणलेला हानुस
दोन पावलं डावीकडे सरकला होता.

मी जाळ्यातून चेंडू काढला.
सोफुसनेही पाहिलं असावं.
त्याने कानावरची पेन्सिल काढली,
वहीपर्यंत नेली,
आणि परत कानावर ठेवून दिली.