इतिवृत्ताची वही

निवडून आलो त्या दिवशी मादाम न्यांगिरा म्हणाल्या,
मुलींनो, विद्यार्थी परिषद म्हणजे पूल.
अपोंडीनं मान हलवली. मी वहीत लिहिलं : पूल.
पुलावर दोन्हीकडचे पाय पडतात,
हे लिहायचं तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या सभेत घेवड्यातले किडे निघाले,
मग संडासाचं तिसरं दार,
मार्चपासून भिंतीला टेकून उभं असलेलं.
आयत्या वेळच्या विषयात अचोला म्हणाली,
स्वेटर विटला तर शिक्षा का?
विटणं हा काय गुन्हा आहे?
ठराव एकमताने मंजूर.
मंजूर म्हणजे, आम्हाला मंजूर.

दार मात्र खरंच बसलं.
ओगुटू सरांनी स्वतः किसुमूहून बिजागऱ्या आणल्या
आणि आम्ही चौघीजणी
गरज नसताना आत जाऊन कडी लावून आलो.
सत्ता म्हणतात ती एवढीच असावी,
आतून लागणारी कडी.

मग जूनमधला एक सोमवार.
झेंडा वर गेला, सरोवरावरच्या वाऱ्यानं दोनदा फडफडला, पडून राहिला.
सरांनी अपोंडीच्या हातात कागद दिला.
थकलेल्या फीची यादी. चौतीस नावं.
आजवर ती सरच वाचायचे.
पण आता परिषद होती ना. आता पूल होता.
नाव येईल तिनं पेटी न घेता फाटकाबाहेर जायचं
आणि पैसे घेऊनच परत यायचं.

अपोंडीचा आवाज जाड, भाषणाला साजेसा.
तिनं पहिलं नाव वाचलं :
मिल्ड्रेड अपोंडी.
ओळीत कुणीतरी चुकून हसलं.
मी शेजारीच होते, कागद मला दिसत होता.
ते नाव त्यावर नव्हतं.
तिच्या वडिलांची होडी विकली गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं,
पण अध्यक्षाचं नाव कुणीतरी वगळलं होतं, मायेनं किंवा सोयीनं.
मग तिनं उरलेली चौतीस वाचली,
बक्षीस समारंभात वाचावीत तशी,
प्रत्येक नावानंतर जरा थांबून.
कागदाची घडी घातली, सरांना परत दिली, धन्यवाद म्हणाली,
आणि निघाली.

पस्तीसजणी गेल्या. परिषदेतल्या सातपैकी पाच.
माझी फी भरलेली होती.
ओयुगिसच्या बाजारात बाबांचं सिमेंटचं दुकान आहे.
मी रांगेत उभी राहिले.
पाय का हलले नाहीत, हे मला कुणी विचारलं नाही.
मीच विचारते, अधूनमधून, रात्री दिवा गेल्यावर.

दुपारी शेराच्या कुंपणापलीकडून हाक आली.
सगळ्या आंब्याखाली बसलेल्या.
मटाटूला पैसे नव्हते, घरी सांगायला तोंड नव्हतं.
अपोंडी म्हणाली, कोरम पूर्ण आहे. वही दे.
तू ये, असं म्हणाली नाही.
मी वही कुंपणावरून भिरकावली.
फांदी मोडली, पुठ्ठ्यावर चीक सांडला.
डाग अजून आहे.

महिन्याभरात एकतीसजणी परतल्या.
अचोला नाही आली. तिचा विटका स्वेटर दोरीवर बरेच दिवस होता.
यादी आता वाचत नाहीत,
बंद पाकिटातून देतात. आकडा तोच असतो.
घेवड्यात किडेही तेवढेच.

वही परत मिळाली तेव्हा उघडून पाहिली.
अपोंडीचं तिरकं अक्षर, पेन्सिलीतलं :
ठराव एक. कुणाचंही नाव मोठ्यानं वाचू नये.
उपस्थित, आणि खाली पस्तीस नावं, पानभर.
त्याखाली,
सचिव गैरहजर.

खोडायला अर्धं मिनिट लागलं असतं.
पुढच्या सभेत, नियमाप्रमाणे,
मागचं इतिवृत्त मीच वाचून दाखवलं.
सगळं. शेवटची ओळसुद्धा.
काही दुरुस्ती? अपोंडीनं विचारलं.
दोन सेकंद ती माझ्याकडेच बघत होती.
नाही, मी म्हणाले.
कायम केलं.