आश्वे, भरतीच्या आधी

मी मोजणी खात्यातला. सावंतवाडी.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधांवर उभा राहून
दोन भावांच्या मधोमध खुंट्या ठोकल्या.
पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेलो नाही.

रविवारी सातार्ड्याचा पूल ओलांडला,
पेडणे मागे टाकलं,
मांद्र्याच्या पुढे सुरूच्या झाडाखाली स्कूटर लावली
आणि चपला हातात धरून विचारलं,
इथे लाटेवर उभं राहायला शिकवतात ना?

साईश हळर्णकर, वय तेवीस,
उन्हाने खांद्यांची साल निघालेली.
माझ्या पोटाकडे एकदा बघितलं, हसला नाही.
तेवढ्यावर मी त्याला पैसे देऊन टाकले.

आधी वाळूवर.
बोर्डावर पालथं पडा, हात मारा, छाती उचला,
मग एका झटक्यात दोन्ही पाय खाली.
कोरड्या जमिनीवर मी सात वेळा उभा राहिलो.
जमीन माझ्या ओळखीची आहे.
शेजारी एक रशियन पोरगी, दहाएक वर्षांची,
शेंगदाणे खात माझी परीक्षा घेत होती.

घोट्याला दोरी बांधली,
हिंडणाऱ्या म्हशीला बांधतात तशी,
आणि आम्ही आत गेलो.

पाणी कमरेला लागलं तेव्हा मी सवयीने मागे वळून
किनाऱ्याची रेघ पाहिली.
खडकापासून होडीपर्यंत अंदाजे दोनशे दहा मीटर.
परत पाहिलं तर रेघ हलली होती.
कुणाची तक्रार नव्हती.

साईश पाठीमागून बोर्ड धरून उभा.
राव… राव… राव…
आतां!

पहिल्या वेळी नाकात पाणी.
दुसऱ्या वेळी कानात.
तिसऱ्या वेळी बोर्ड माझ्यावर बसला.
सहाव्यानंतर मी मोजायचं सोडलं,
आणि हे मी सांगतोय, मी.

मधल्या वेळात झापांच्या मांगरात बसलो.
पूर्वी इथे रापणीची होडी असायची.
आता बोर्ड उभे: निळे, पिवळे, एक चिरलेला.
होडी बाहेर, ताडपत्रीखाली,
तिच्या नाकावर कुणाचा तरी टॉवेल वाळत.
साईशचा आजा तिच्याच सावलीत बसून
तिसऱ्या निवडत होता. मान वर न करता म्हणाला,
उबें रावून कितें मेळटा?

मी विचार केला. खरंच केला.
मासळी तर नाही.
म्हणालो, अजून राहिलोच नाही आजोबा, राहिलो की सांगतो.
त्याने एक उघडी तिसरी
माझ्या पायाजवळ टाकून दिली. मेलेली होती.
मेलेल्या घ्यायच्या नसतात, एवढं बोलून परत गप्प.

उन्हं चढली. वारा फिरत चालला.
शेंवटची, साईश म्हणाला,
तसं तो आधीही तीनदा म्हणाला होता.
राव…
या वेळी त्याने आतां म्हटलं की नाही, मला आठवत नाही.
पायाखाली काहीतरी धावलं,
गुडघे वाकलेले, हात कुठेही,
समोर सुरूची झाडं, टॉवेल, म्हातारा,
सगळे माझ्याकडे येत होते.
तीन सेकंद. चार म्हणा.
पोरीने शेंगदाण्याची पुडी वर करून आरोळी ठोकली.
मग मी फेसात, बुडावर,
आणि तोंडभर वाळू.

धापा टाकत मांगराकडे गेलो, आजाला सांगायला.
तो तिसऱ्या घेऊन घरी गेला होता.

सोमवारी, सकाळी साडेदहा.
टेबलावर गट नंबर एकशे चौदाची क प्रत,
तेली बंधूंचा जुना वाद.
पेन पडलं म्हणून खाली वाकलो, वर आलो,
आणि नाकातून एकदम
कालचं पाणी आलं, खारट, चांगलं चमचाभर,
थेट दक्षिण हद्दीवर.
शाई फुगली, थोडी पसरली.

सर्दी का? साहेबांनी विचारलं.
हो, म्हणालो.