लंगडा पंचकोन

सेगेदच्या स्वयंपाकघरात माशांचं कालवण रटरटतंय,
पाप्रिकानं लालभडक. काचेवर वाफ.
योलान वाद्केर्ती, वय एक्क्याऐंशी,
बोटानं त्या वाफेवर पाच टिंबं देते:
माथ्याला एक, तळाला एक,
उजवीकडे एकटं,
डावीकडे दोन, एकावर एक.
मग रेघा. एक बाजू लांब, एक आखूड.

चाळीस वर्षं ती पोरांना सांगत आली,
जालकात हा एवढासा लंगडा सापडला
की नियम मोडलाच म्हणून समजा,
बाकीचं कितीही देखणं असो.
"उजवीकडचं ते कोण?" बोटोंदनं एकदा विचारलं,
मागच्या बाकावरून, उगाच.
खडू झटकत ती म्हणाली, "वेंडेल. माझा भाऊ."
वर्ग हसला. ती नाही.

वेंडेल टिसा नदीवर नाव चालवायचा.
ती आधी टपालात कारकून, मग प्राध्यापक.
डावीकडचं खालचं टिंब ती, वरचंही तीच.
आता वेंडेलच्या जागेवरून बघा:
कारकुनाला आणि त्याला मिळून जे पहिलं छप्पर पुरतं,
आईचं घर,
तेच प्राध्यापिकेला आणि त्याला.
दोघांत सामाईक असं सगळ्यांत मोठं काय,
तर मासे साफ करायची एक सुरी
आणि बापाची एक शिवी.
तेही तेवढंच. वाढलं नाही, आटलं नाही.
ती एक अख्खी पायरी चढली,
त्याच्या कुठल्याच मापात ती पायरी येईना.

आणि थोर कोण, तो की ती?
आपण अतुलनीय म्हणतो ते कौतुकानं.
इथं तो शब्द कोरडा ठणठणीत:
दोघांमध्ये रेघ नाही,
बस्स.

यंदा पूर ओसरला त्या आठवड्यात वेंडेल गेला.

ती अंगठ्यानं उजवं टिंब पुसते,
त्याच्या दोन्ही रेघांसकट.
उरली चार, एकाखाली एक, सरळ शिडी.
कुणाशीही कुणाची तुलना करा, होते.
सगळे नियम शाबूत.
इतकं निर्दोष जालक
तिनं जन्मात काढलं नव्हतं.

कालवण उतू जातंय. ती वळत नाही.
काच सगळी धुरकट,
फक्त पुसल्या जागेतून
नदी दिसते.